फुलसावंगीस दोन दिवस

समुद्राच्या गोष्टी ऐकावयाच्या तर कोंकणपट्टींत जावें असा सर्वसाधारण समज आहे. आम्हांस त्या ऐकावयास मिळाल्या यवतमाळ जिल्ह्यांतील फुलसावंगीस. येथून अरबी समुद्र शेंकडों मैल दूर. पण योग असा कीं, आमची ताई या गांवीं राहते आणि तिचा मुलगा गोव्यास बोटींवरील विजेच्या यंत्रांची बसवणूक व दुरुस्ती करतो. गेल्या मार्गशीर्षांत तो रजेवर घरीं आला असतां ताईनें आम्हांस निकडीचें बोलावणें पाठविलें. कारण तिनें टेलिफोनवर सांगितलें नाहीं. "तूं ये, म्हणजे बोलूं," एवढेंच म्हणाली. आमच्या घराण्यांत ताईच्या अशा बोलण्यास हुकुमाची किंमत आहे. म्हणून पुण्याहून रात्रीच्या गाडीनें निघून आम्ही उभयतां दुसऱ्या दिवशीं नांदेडास उतरलों.

नांदेडाहून पुढें हदगांव, उमरखेड, महागांव असा मार्ग आहे. तुळजापुराहून नागपुराकडे जाणाऱ्या महामार्गाचाच हा भाग असल्यामुळें प्रवासाचे हाल म्हणून सांगण्यासारखें कांहीं घडलें नाहीं. हदगांव मागें पडल्यावर पैनगंगा लागली. पूल संपतांच शेजारच्या एका गृहस्थांनीं "आतां विदर्भ लागला बरं का," असें मोठ्या समाधानानें सांगितलें. १९४८ पर्यंत मागचा कांठ निजामाच्या राज्यांत होता. पुढचा कांठ वऱ्हाडचा, म्हणजे नांवानें निजामाचाच, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. नदी फारशी रुंद नाहीं. तरी एका कांठचें हाली नाणें दुसऱ्या कांठीं बदलून घ्यावें लागे. ही पैनगंगा अजिंठ्याच्या डोंगरांत बुलढाण्याकडे उगम पावते, वर्धेला मिळते, वर्धा प्राणहितेंतून गोदावरीस मिळते आणि तें सर्व पाणी शेवटीं बंगालच्या उपसागरांत जातें. म्हणजे फुलसावंगीच्या शिवारांत पडलेला पाऊस पूर्वसमुद्राचा वांटेकरी, आणि आमच्या भाच्याची चाकरी पश्चिमसमुद्रावर. हें भूगोलज्ञान आम्हीं पोंचल्या पोंचल्या ताईस ऐकविलें. ती म्हणाली, "म्हणजे मीं ओढ्यांत दिवा सोडला तरी तो त्याच्याकडे जावयाचा नाहीं." तेव्हांच आमच्या ध्यानांत यावयास हवें होतें कीं, बोलावण्याचें कारण काय असेल.

फुलसावंगी हें महागांव तालुक्यांतील बऱ्यापैकीं मोठें गांव आहे. भोंवतालची जमीन काळी; तींत कापूस, तूर, सोयाबीन. आम्ही गेलों तेव्हां कापसाची वेंचणी चालूं होती, आणि तुरीच्या शेंगा भरल्या होत्या. ताईनें पहिल्याच दिवशीं तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, ज्वारीची भाकर आणि ठेचा असा बेत केला. पुण्यास या वस्तूंना आतां खानावळींत मानाचें पान मिळूं लागलें आहे, पण शेतांतून आणलेल्या शेंगा ओसरीवर बसून सोलण्यांत जें सुख आहे तें खानावळीच्या बिलांत धरतां येत नाहीं. ताईचे यजमान येथल्याच भागांत शिक्षक होते. ते वारल्यावरही ती पुण्यास आली नाहीं. चार एकर शेत आहे, तें एक वृद्ध शेतकरी बटईनें करतात. त्यांस सारे 'बाबा' म्हणतात, म्हणून आम्हींही तेंच नांव घेतलें.

या गांवाचें नांव वाचकांनीं पूर्वीं वाचलें असण्याचा संभव आहे. २०२१ सालच्या ऑगस्टांत तें देशांतील सर्व वर्तमानपत्रांत आलें होतें. येथील एक तरुण कारागीर, शिक्षण आठवीपर्यंत, धंदा पत्र्याचीं कपाटें व कूलर करण्याचा. त्यानें मोटारीचें एंजिन घेऊन, पत्रा कापून, सांधे जोडून, सुमारें दोन वर्षें खपून स्वतःच्या हातांनीं हेलिकॉप्टर तयार केलें. स्वातंत्र्यदिनीं तें गांवास उडवून दाखवावें अशी त्याची उमेद होती. त्याच्या आधींच्या आठवड्यांत, रात्रीच्या वेळीं चाचणी घेत असतां, शेपटीकडील पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि त्या आघातांत तो तरुण दगावला. त्याचें नांव आम्ही येथें देत नाहीं. त्या दिवसांत तें पुरेसें छापून आलें, आणि त्याच्या घरच्या माणसांस याच गांवीं राहावयाचें आहे. लोक त्याच्याविषयीं बोलतात तें हळहळून बोलतात, पण त्यांत एक अभिमानही असतो. चहाच्या दुकानावर एका गृहस्थांनीं आम्हांस सांगितलें, "मशीन सुरू झालं होतं साहेब. सुरू तर झालं होतं."

ताईचें बोलणें रात्रीं जेवणें झाल्यावर निघालें. मुलगा मागल्या अंगणांत होता. ती हलक्या आवाजांत म्हणाली, "त्याला समजाव. नागपुरास नाहीं तर पुण्यास कोठें तरी नोकरी पाहूं दे. यंत्रें काय जमिनीवर नाहींत? ज्या रात्रीं त्या मुलाला येथून दवाखान्यांत नेलें, त्या रात्रीं मी जागी होते. त्याच्या आईचा आवाज मीं ऐकला आहे. आणि हा तर पाण्यावर जातो." आम्ही मामा या नात्यानें "बोलतों" असें कबूल केलें. वास्तविक आम्हांस भाच्याच्या धंद्याची कांहींच माहिती नव्हती. बोटी दुरुस्त करतो एवढेंच आम्ही चारचौघांत सांगत असूं. तेव्हां आधीं माहिती करून घ्यावी, मग उपदेश करावा, असें ठरविलें. आणि हा निश्चय आमच्या वयाच्या मनुष्याच्या हातून क्वचितच होतो, म्हणून मुद्दाम नमूद करतों.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्यास विचारलें, "तूं नक्की करतोस तरी काय?" तो हंसून म्हणाला, "ऐकतों, मामा. यंत्रें एकमेकांशीं काय बोलतात तें ऐकतों."

तो पूर्वीं दिवाडी बेटावर बांधलेल्या दोन प्रसिद्ध शिडाच्या बोटींच्या गोष्टी सांगत असे, त्या आम्हांस आठवल्या. पणजीजवळ मांडवीच्या पात्रांत दिवाडी हें बेट आहे. जुन्या गोव्याहून तेथें होडीनें जातात. तेथल्या कारखान्यांत बांधलेली 'म्हादेई' ही बोट २००९ सालीं नौदलांत दाखल झाली आणि तिच्यांतूनच कमांडर दिलीप दोंदे यांनीं २००९-१० मध्यें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा केली. असें करणारे ते पहिले भारतीय. तिचीच बहीण 'तारिणी' २०१७ सालीं दाखल झाली. तिच्यांतून नौदलाच्या सहा स्त्री-अधिकाऱ्यांनीं सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळांत प्रदक्षिणा पुरी केली, आणि पुढें ऑक्टोबर २०२४ ते मे २०२५ मध्यें दोघीच स्त्रिया तीच बोट घेऊन पृथ्वीभोंवतीं जाऊन आल्या. आमचा भाचा त्या बोटींवर कामास नव्हता; पण त्या पाहूनच त्यास हा नाद लागला हें खरें.

अशा बोटीवर खोली मोजणारें एक यंत्र असतें, वाऱ्याची दिशा व वेग सांगणारें दुसरें, विजेचें होकायंत्र तिसरें, उपग्रहांवरून स्थान काढणारें चौथें. शिवाय एंजिनाचीं मापें, आणि सुकाणूं आपोआप धरणारें एक यंत्र. हीं सर्व निरनिराळ्या कारखान्यांचीं. तीं एकमेकांस समजतील अशी समाईक भाषा नसेल, तर सुकाणूं धरणाऱ्याला वाऱ्याची बातमी कळणार कशी? अमेरिकेंत १९५७ सालीं या धंद्यांतील मंडळींची एक संघटना निघाली. तिच्या आद्याक्षरांवरून एन्. एम्. ई. ए. म्हणतात. तिनें १९८३ मध्यें एक सर्वमान्य भाषा ठरविली, तिचा क्रमांक ०१८३. एका तारेवर एकानें बोलावें, बाकीच्यांनीं ऐकावें, असा तिचा साधा शिरस्ता. वाक्य सहसा डॉलरच्या चिन्हानें सुरू होतें; मग बोलणारा कोण तें दोन अक्षरांत, विषय कोणता तें तीन अक्षरांत, मग स्वल्पविराम देऊन आंकडे, आणि शेवटीं तारकाचिन्हापुढें पडताळ्याचीं दोन अक्षरें. वाटेंत एखादें अक्षर बिघडलें तर पडताळा जुळत नाहीं व वाक्य टाकून देतात. आम्हांस मौज वाटली ती ही कीं, खोलीच्या वाक्यांत एकच खोली तीन मापांत सांगितलेली असते: फुटांत, मीटरांत, आणि तिसरें माप वांवांत. आमचे कोळी ज्या वांवानें, म्हणजे दोन्ही हात पसरून, दोरी मोजीत आले, तेंच माप विजेच्या तारेंतून अजून चालूं आहे.

दुसरी भाषा नंतरची, तिचें नांव एन्. एम्. ई. ए. २०००. बॉश या जर्मन कंपनीनें मोटारींकरितां जी तारेची पद्धति १९८६ सालीं पुढें आणली, तिच्यावर ती उभारलेली आहे. बोटीच्या लांबीभर एक जाड तार, तिला 'कणा' म्हणतात. कण्यास ठिकठिकाणीं फांटे, आणि प्रत्येक फांट्यास एक यंत्र. येथें सर्वच बोलतात व सर्वच ऐकतात. दोघांनीं एकदम तोंड उघडलें तर ज्याच्या संदेशाचा क्रमांक लहान तो बोलत राहतो, मोठ्या क्रमांकाचा आपण होऊन गप्प बसतो आणि संधि मिळतांच पुन्हा सांगतो. पहिल्याच्या बोलण्यांतील एक अक्षरही वायां जात नाहीं. आमच्या कांहीं सार्वजनिक संस्थांच्या वार्षिक सभांना ही पद्धति लावतां आली तर पाहावें. असो.

या सर्व कोलाहलांत बिघाड कोठें आहे हें बाहेरून समजत नाहीं, म्हणून ऐकणारीं साधनें लागतात. भाच्यानें पेटी उघडून एक एक दाखविलें. सर्वांत स्वस्त साधन म्हणजे साधा मल्टिमीटर. कण्याच्या दोन टोकांस १२० ओहमचा एकेक रोध लावलेला असतो. वीज बंद करून मधल्या दोन तारांवर मोजलें तर ६० यावयास पाहिजेत. १२० आले तर एक रोध गळाला आहे, ४० आले तर कोणी तरी तिसरा लावून ठेवला आहे. दुसरें साधन हातांत मावणारा तपासनीस. अमेरिकेंतील मॅरेट्रॉन कंपनीचा असा एक मीटर आहे, तो कण्यास जोडला कीं विजेचा दाब किती, चुका किती, कोणतें यंत्र चुकतें, हें पडद्यावर सांगतो. तो महाग असल्यामुळें भाच्याजवळ नव्हता. त्याच्याजवळ होती इंग्लंडांतील पूल गांवच्या ॲक्टिसेन्सची लहान डबी. तिचें एक टोंक कण्यास व दुसरें लॅपटॉपला लावलें कीं तारेवरचा शब्द न् शब्द ओळीनें उतरूं लागतो. त्या ओळींचा अर्थ लावणारी 'कॅनबोट' नांवाची एक फुकट आज्ञावली आहे. भाषेचें अधिकृत पुस्तक पैसे देऊन विकत घ्यावें लागतें. तेव्हां कांहीं हौशी लोकांनीं यंत्रांचें बोलणें महिनोन् महिने ऐकून, आंकडे जुळवून, तिचा कोश स्वतः तयार केला. परक्या प्रांतांत राहून कानानें भाषा शिकणाऱ्या माणसांविषयीं आम्हांस नेहमींच आदर वाटतो. यांच्याविषयीं तर विशेष वाटला.

एव्हांना शेजारचा एक मुलगा येऊन ओसरीच्या खांबास टेकून उभा होता. दहावींत आहे. ताईनें आम्हांस खुणेनें सांगितलें, हा तोच. म्हणजे काय, तें मागाहून कळलें. २०२१ सालीं हा लहान होता, आणि त्या कारागिराच्या दुकानापुढें तासन् तास बसत असे. त्या घटनेनंतर त्याच्या आईनें घरांतील पाना, पक्कड, तारा, जुने रेडिओ सर्व भंगारवाल्यास देऊन टाकलें. मुलगा ताईकडे गणिताच्या निमित्तानें येतो. आईला तेवढें चालतें.

भाच्याजवळ बोटीवरून काढलेलें खोली मोजण्याचें एक जुनें साधन होतें: आंब्याच्या आकाराचें, खालीं पाण्याचा वेग मोजणारें चिमुकलें चाक बसविलेलें. तें खालीं ध्वनि सोडतें, तळावरून प्रतिध्वनि येण्यास किती वेळ लागला तें मोजतें आणि खोली सांगतें. "चला, विहिरीवर लावूं," तो म्हणाला, आणि आमची मिरवणूक शेतावर निघाली. विहीर चांगली रुंद, बांधीव. बाबांनीं ट्रॅक्टरची बॅटरी काढून दिली. बोराच्या झाडाखालीं बाजेवर कणा मांडला, फांटे जोडले, लहान पडदा लावला. वीज देण्यापूर्वीं भाच्यानें मल्टिमीटर लावला, तों १२० ओहम! एक टोंक कोठें तरी हरवलें होतें. शोधाशोध केल्यावर तें आमच्याच सौभाग्यवतींच्या पिशवींत, सुपारीच्या डबीशेजारीं सांपडलें. सकाळीं आवराआवर करितांना त्यांनीं तें बाटलीचें बूच समजून जपून ठेवलें होतें. "एवढ्या लहान तारेवर एका टोंकानेंही काम चालेल," भाचा म्हणाला, "पण येथें चालवून घेतलें तर बोटीवरही चालवून घेईन."

साधन विहिरींत अर्धा हात बुडेल असें सोडलें. पडद्यावर आंकडा आला: ३.४५ मीटर. बाबा इतका वेळ कांहीं न बोलतां पाहत होते. त्यांनीं दोरीस दगड बांधून सोडला, ओला भाग हातानें मोजला आणि म्हणाले, "बारा हात." साडेतीन मीटर म्हणजे साडेसात हात. अर्धा हात साधन बुडालेलें, तो मिळवून आठ. बाबांनीं दोरी पुन्हा सोडली, पुन्हा बाराच. तेव्हां ते अत्यंत गंभीरपणें म्हणाले, "तुमच्या मशीननं चार हात पानी पेलं."

आम्हांस, खरें सांगावयाचें तर, थोडा आनंद झाला. उपदेशास चांगलें निमित्त मिळालें होतें. पण भाचा गोंधळला नाहीं. त्यानें लॅपटॉप त्या मुलापुढें सरकविला आणि म्हणाला, "पडदा काय म्हणतो तें सोड. साधन काय म्हणालें तें वाच." मुलानें ओळींतून शोधून क्रमांक १२८२६७ काढला, खोलीचा संदेश तो. त्यांत दोन आंकडे होते. पहिला ५.२५. दुसरा वजा १.८०. मुलगा बराच वेळ त्यांकडे पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "दादा, ह्यातून हे वजा केलं तर तीन पूर्णांक पंचेचाळीस येते. हे वजा कशाचं आहे?"

झालें होतें तें असें. साधन बोटीच्या तळाशीं बसवितात, पण शिडाच्या बोटीचा कणा, म्हणजे खालचें जड पातें, त्याच्याही खालीं उतरलेलें असतें. खडक लागावयाचा तो त्या पात्यास. म्हणून मोजलेल्या खोलींतून पात्याची उंची वजा करून पडदा दाखवितो, आणि किती वजा करावयाचें तें साधनासच सांगून ठेवलेलें असतें. जुन्या बोटीचे १.८० मीटर पुसावयाचे राहिले होते. सव्वापांच मीटर म्हणजे साडेअकरा हात. बुडालेला अर्धा मिळवून बरोबर बारा. साधन खरें बोललें होतें, पडदाही त्यास सांगितल्याप्रमाणें खरेंच बोलला होता, आणि विहिरीस मात्र पातें नव्हतें. बाबांनीं हें सर्व ऐकून घेतलें व दोरीची गुंडाळी करितांना म्हणाले, "म्हंजे हिशेब बोटीचा अन् विहीर माही."

मुलानें ती वजाबाकी स्वतः शून्य केली. मग त्याचा संकोच गेला. तपमानाच्या ओळींत २९७ हा आंकडा पाहून तो ओरडला कीं, विहीर उकळते आहे. भाच्यानें सांगितलें कीं, ही भाषा तपमान केल्विनांत बोलते, २७३ वजा कर. चोवीस अंश. साधन वर काढून त्यानें खालचें चाक बोटानें फिरविलें, तों पडद्यावर बोट चार नॉट वेगानें चालूं लागली. तेवढ्यांत त्याची आई शेताच्या बांधावर आली. ती कांहीं बोलली नाहीं. तारा, बॅटरी आणि आपला मुलगा यांकडे पाहत उभी राहिली. ताई उठून तिच्याजवळ जाऊन उभी राहिली.

परत येतांना मुलानें तो प्रश्न विचारला, जो आम्हां सर्वांच्या मनांत होता. "दादा, हेलिकॉप्टरला असं काही राहते का? आधी सांगणारं?"

भाच्यानें उत्तर देण्यास वेळ घेतला. मोठ्या हेलिकॉप्टरांत असतें, तो म्हणाला. १९८६ सालीं स्कॉटलंडच्या उत्तरेस, समुद्रांतील तेलाच्या विहिरींवरून माणसें आणणारें एक मोठें हेलिकॉप्टर पडलें व ४५ माणसें मेलीं; आंतील एका दंतचक्रांत भेग वाढत गेली होती. त्यानंतरच्या वर्षांत त्या भागांतील हेलिकॉप्टरांवर कंपनें मोजणारीं साधनें बसूं लागलीं. चाक झिजूं लागलें, पातें सैल झालें, तर थरथर बदलते. कानास कळण्याआधीं ती साधनास कळते. मुलानें विचारलें, "मग भाऊकडे ते असतं तर?" भाचा म्हणाला, "तें मला सांगतां येणार नाहीं. तीं साधनें महाग असतात. पण चाचणी घेतांना माणसानें आंत बसावयाचें नसतें. दोरीनें बांधावें, लांब उभें राहावें, आणि तास न् तास नुसतें ऐकावें. तें त्याला कोणीं सांगितलें नाहीं. त्याला हवें ते लोक फुलसावंगीस नव्हते." हें तो मुलाच्या आईकडे न पाहतां बोलला, पण ती ऐकत होती.

रात्रीं ओसरीवर आम्हीं आमचा उपदेश सुरू केला. समुद्रावर इतकीं साधनें असूनही अपघात होतातच ना, असा आमचा मुद्दा होता. भाच्यानें तो मान्य करून आम्हांसच एक गोष्ट सांगितली. १९९५ च्या जून महिन्यांत 'रॉयल मॅजेस्टी' हें प्रवासी जहाज बर्म्युडाहून बोस्टनकडे निघालें. जहाजावर १५०९ माणसें होतीं. निघाल्यापासून तासाभरांत उपग्रहांवरून स्थान काढणाऱ्या यंत्राची आकाशांतील तार निखळली. यंत्र बंद पडलें नाहीं. तें अंदाजानें स्थान काढून सांगत राहिलें, आणि प्रत्येक संदेशांत 'हें ग्राह्य धरूं नये' अशी खूणही पाठवीत राहिलें. सुकाणूं धरणाऱ्या यंत्रानें आंकडे घेतले. खूण वाचण्यास त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें. पडद्याच्या कोंपऱ्यांत दोन-तीन बारीक अक्षरें दिसत होतीं, तीं अधिकाऱ्यांनीं पाहिलीं नाहींत. खोली कमी झाल्यास वाजणारी घंटा शून्य मीटरावर लावलेली होती, म्हणजे ती वाजणार जहाज तळास टेकल्यावर. चौतीस तास हें चाललें, जहाज सतरा मैल बाजूस गेलें, आणि नॅन्टुकेट बेटाजवळ वाळूंत रुतलें. माणूस एकही दगावलें नाहीं, हें दैव.

"यंत्र चौतीस तास ओरडत होतें, मामा," भाचा म्हणाला. "माझें काम तेवढेंच. तें ओरडतें आहे हें कोणास तरी ऐकूं येईल असें करावयाचें. मी गेलों नाहीं तरी बोटी पाण्यावर जाणारच आहेत."

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. ऑगस्ट २०२४ मध्यें पालघर येथें एक लाख मच्छिमार बोटींवर उपग्रहाशीं बोलणारीं यंत्रें बसविण्याच्या योजनेचा आरंभ झाला, तें आम्हीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. एवढ्या यंत्रांस बसविणारे व तपासणारे हात लागणार, आणि ते सर्व परक्यांच्या मुलांचे असावेत, आपल्या घरचे नकोत, असें म्हणण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. आम्हीं ताईकडे पाहिलें. ती शेंगा सोलीत होती.

बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "तुझ्या बोटीखालीं किती पाणी आहे तें मला कळवीत जा. रोज."

भाचा हंसला नाहीं. म्हणाला, "कळवीन. पण एक ध्यानांत ठेव. आंकडा मोठा असला तर भिऊं नको. थोडा आंकडा वाईट. आणि फार खोल पाण्यांत प्रतिध्वनि परत येतच नाहीं, पडद्यावर नुसत्या तीन रेघा दिसतात. तेथून फोनही लागत नाहीं. म्हणून ज्या दिवशीं माझें कांहीं येणार नाहीं, त्या दिवशीं रेघा समज."

तिनें विचारलें, "आणि आंकडा येईल तो बोटीच्या पात्याखालचा, कीं वरपासूनचा?"

तिसऱ्या दिवशीं आम्ही परतलों. निघतांना बाबांनीं तुरीच्या शेंगांचें एक गांठोडें दिलें. शेजारचा मुलगा बसथांब्यापर्यंत आला होता. भाच्यानें आपला जुना मल्टिमीटर त्यास दिला होता आणि तो त्याच्या आईनें घरांत येऊं दिला होता, एवढें त्यानें दोनदां सांगितलें.

माघ महिन्यांत आमच्या सौभाग्यवती एका लग्नानिमित्त पुन्हा फुलसावंगीस जाऊन आल्या. ताईच्या स्वयंपाकघरांतील कालनिर्णयाचें पान त्यांनीं पाहिलें. दुधाचा हिशेब, एकादशी, गॅसची टाकी, आणि प्रत्येक चौकोनाच्या कोंपऱ्यांत पेन्सिलीनें एकेक आंकडा: ९.२, १४, ११.६. मध्यें चार चौकोनांत तीन तीन रेघा होत्या.